तिथी बघून निघा

बोरीवलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर विसंबून होडीचा बेत आखू नये, एवढंच मला सांगायचंय. जरा चढ्या आवाजात सांगतोय, कारण ‘पाऊस कुठाय, मग होडी का बंद?’ असं विचारणाऱ्याला धक्क्यावर कसं वेड्यात काढतात हे मी जाणतो. होडी अडते ती वाऱ्यामुळे आणि पाण्यामुळे. पावसाचा वाटा आपण समजतो त्याहून बराच कमी. गेटवे ते मांडवा लाँच साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, पण त्याच दिवसांत भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला होड्या जातात. पाऊस दोन्हीकडे तोच. मांडवा मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे, नैऋत्येच्या वाऱ्याला उघडा. मोरा आत, आडोशाला. २०२०पासूनची मांडव्याची रो-रो भर पावसाळ्यातही चालते, कारण ती मोठी, जड बोट आहे.

गोराईची खाडी तर काही मिनिटांची, तिथे कसलं आलंय हवामान, असं म्हणणारे भेटतात. लाटांपुरतं ते खरं, पण खाडी तिथीने चालते. कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे बुद्धपौर्णिमेला सकाळी अकराला भरल्या पाण्यावरून खाडीपलीकडचा पॅगोडा बघायला गेलेलं कुटुंब संध्याकाळी परत फिरतं, तेव्हा पाणी तळाला गेलेलं. उधाणाचे दिवस, त्यामुळे भरती जितकी चढते तितकीच ओहोटीही उतरते. एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळाने बुळबुळीत झालेल्या. आणि त्यावरून उतरायचं असतं नऊवारीतल्या आजीने. मोबाईलवर सगळं कळतं म्हणाल, तर तिथे ठळक दिसतं ते तापमान आणि पावसाची टक्केवारी. वाऱ्याचा वेग शोधावा लागतो, भरतीची वेळ बहुधा नसतेच.

होडीवाल्यांचं पोट फेऱ्यांवर आहे, ते कशाला गिऱ्हाईक परत पाठवतील, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण तिकीट फाडणाऱ्याला भरतीची वेळ पाठ असते. ती फळ्यावर खडूने लिहायला किती पैसे पडतात? पण कोणी लिहीत नाही. म्हणून जातानाच, तिकिटाआधी, परतीची शेवटची होडी किती वाजता ते विचारा. ‘होईल हो सोय’ हे उत्तर धरू नका. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर वाद न घालता घरी जा. लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली नको. सुटे पैसे ठेवा, पाणी ठेवा, वगैरे. आणि होडी हेलकावली की सगळ्यांनी एका बाजूला धावू नये. १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवसांत, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. लाटेचा तडाखा बसल्यावर घाबरलेली माणसं एका अंगाला धावली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. शेवटचा आक्षेप ठरलेला : होडी नाही तर नाही, गोराईहून उत्तन-भाईंदरवरून रस्ता आहे की! आहे ना. समोर खाडीपलीकडे बोरीवलीचे दिवे दिसत असताना तो वळसा घालायचा, आणि रिक्षावाला सांगेल तो भाव द्यायचा.