वणवा ‘लागतो’ की ‘लावला जातो’? : जाहीर सूचनेतील क्रियापदाचा विचार



व्यावहारिक मराठीच्या या पाठात आपण जाहीर सूचनेच्या भाषेचा अभ्यास करणार आहोत. उदाहरणासाठी यवतमाळ जिल्ह्यातील वणवा-प्रतिबंधाचा विषय मुद्दाम निवडला आहे. येथे वाक्यरचनेतील उणीव उत्तरपत्रिकेतील दोन गुणांपुरती राहत नाही. सूचना समजली नाही तर रान जळते. चुकीची समजली तर एखाद्या कुटुंबाची मोहफुलांची मिळकत बुडते.

१. विषयाची पार्श्वभूमी

यवतमाळचे जंगल शुष्क पानगळीचे आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि पळस ही त्यातील ओळखीची झाडे. पांढरकवडा परिसरातील टिपेश्वर अभयारण्य १४८.६३ चौरस किलोमीटरचे आहे. उमरखेडकडे, नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर, पैनगंगा अभयारण्य आहे. हिवाळा सरला की सागाची रुंद पाने गळू लागतात आणि उन्हाने ती कडकडीत वाळतात. राज्याचा वनविभाग सर्वसाधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो. या जंगलातील आग प्रामुख्याने जमिनीलगत, पाचोळ्यावरून धावते. मोठे वृक्ष बहुधा तग धरतात. पण रोपे, पडलेले बी आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी नष्ट होतात. त्यामुळे पावसाळ्यात दुरून जंगल शाबूत दिसते, मात्र त्याची पुढची पिढी गेलेली असते.

ही आग येते कोठून? आपल्या देशातील बहुतांश वणवे मानवी कृतीतून उद्भवतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात आणि पाचोळ्यात हरवतात. ती नजरेस पडावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. आग फिरवली की तेंदूला कोवळी पालवी चांगली फुटते, असाही समज आहे; वास्तविक झुडपे छाटूनही तशी पालवी मिळते. तिसरे कारण शेतातले. कापूस निघाल्यावर उरलेली पऱ्हाटी आणि धुऱ्यावरचे वाळलेले गवत पेटवले जाते, वारा सुटतो, आणि धुऱ्यापलीकडे जंगल असते. (‘बांध’ या अर्थी ‘धुरा’ हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना कदाचित नवा वाटेल. तो लक्षात ठेवावा. पुढे उपयोगी पडणार आहे.)

२. शब्द आणि क्रियापद

‘वणवा’ हा शब्द ‘वनदव’ या रूपाशी जोडला जातो. संस्कृतात ‘दव’ किंवा ‘दाव’ म्हणजे रानातली आग. ‘दावानल’ याच कुळातला. म्हणजे ‘जंगलातील वणवा’ असे लिहिताना आपण जंगल दोनदा म्हणतो. हा दोष क्षम्य आहे. क्रियापदाच्या निवडीतील दोष मात्र महागात पडतो.

मराठीत आगीसंबंधी अकर्मक-सकर्मक क्रियापदांच्या ठळक जोड्या आहेत : लागणे-लावणे, पेटणे-पेटवणे, जळणे-जाळणे, विझणे-विझवणे. ‘आग लागली’ या वाक्यात कर्ता माणूस नाही. आग आपोआप आल्यासारखी वाटते. ‘आग लावली’ म्हणताच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या आधारे वणव्याचे इशारे वनकर्मचाऱ्यांना मोबाइलवर मिळतात. तेही आग कोठे लागली एवढेच सांगू शकतात; कोणी लावली हे सांगत नाहीत.

आता कायदा पाहा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनाबाबत अनेक कृती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत : वनाला आग लावणे, धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे, ती जळती सोडून जाणे, तसेच परवानगीच्या हंगामाव्यतिरिक्त वनात आग पेटवणे, ठेवणे किंवा जवळ बाळगून नेणे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० मध्ये अभयारण्यासाठी अशीच मनाई आहे. ‘जळती सोडून जाणे’ ही करण्याची नव्हे, न करण्याची चूक आहे, तरीही कायद्याने तिला स्वतंत्र क्रियापद दिले आहे.

३. सूचनेचा नमुना

या पाठासाठी तयार केलेला पुढील मसुदा वाचा :

“सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, वनक्षेत्रात वणवा लागणार नाही याची दक्षता घेण्यात यावी. मोहफुले वेचण्यासाठी वनात जाण्यास व आग लावण्यास सक्त मनाई आहे.”

पहिल्या वाक्यात दक्षता कोणी घ्यायची? कर्ता लुप्त आहे. ‘संबंधित’ म्हणजे आपणच, असे कोणाही वाचकाला वाटत नाही. शिवाय मोहाखालचा पाचोळा जाळणारी बाई स्वतःच्या दृष्टीने ‘वणवा लावत’ नाही. ती ‘जागा साफ करते’. वणवा हा तिच्या कृतीचा परिणाम आहे, तिच्या कृतीचे नाव नव्हे. म्हणून ‘वणवा लावू नका’ ही सूचना ती मान डोलावून ऐकते आणि पाचोळा पेटवते. यात तिचा कावा नाही. सूचनेने तिच्या कृतीचा उच्चारच केलेला नाही.

दुसऱ्या वाक्याचा दोष अधिक गंभीर आहे. ‘व’ या अव्ययामुळे मनाई दोन्ही गोष्टींना लागू होते आणि मोहफुले वेचणेच निषिद्ध ठरते. वनहक्क अधिनियम, २००६ ने पात्र वननिवासींना गौण वनोपजावर हक्क दिला आहे. एका उभयान्वयी अव्ययाने तो हिरावला जाऊ नये.

अभयारण्याबाहेरील, असा हक्क असलेल्या गावासाठी सुधारित मसुदा असा होऊ शकेल :

“मोहफुले वेचायला बंदी नाही. मोहाखालचा पाचोळा पेटवू नका. झाडून बाजूला करा. जंगलात विडी ओढू नका, काडेपेटी नेऊ नका. जंगलालगतच्या शेतात धुरा किंवा पऱ्हाटी पेटवण्याआधी वनरक्षकाला कळवा. आग पुरती विझल्याशिवाय जागा सोडू नका. जंगलात धूर दिसला तर लगेच वनरक्षकाला सांगा.”

येथे ‘नियतक्षेत्र’, ‘ज्वलनशील’, ‘प्रतिबंधात्मक’ हे शब्द नाहीत. गावात ‘बीट’ म्हणतात, ‘नियतक्षेत्र’ कोणी म्हणत नाही. वाक्ये आखूड ठेवण्यालाही कारण आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत कोलामी बोलणारी कुटुंबे आहेत. कोलामी ही द्राविडी भाषा. त्यांच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा. शिवाय गावात सूचना अनेकदा वाचली जात नाही, दवंडीने किंवा ग्रामसभेत ऐकली जाते. ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येत नाही.

एक गोष्ट मसुद्यात आणखी यावी असे मला वाटते. याच वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार, राखीव वा संरक्षित वनातून वनोपज घेणाऱ्या व्यक्तीने, कोणी सांगितले नसले तरी, आपल्याला माहीत असलेला वणवा विझवण्यासाठी पावले उचलणे बंधनकारक आहे. म्हणजे कायदा त्या बाईकडे केवळ संशयित म्हणून पाहत नाही, विझवणारी म्हणूनही पाहतो. आपल्या बहुतेक सूचनांमध्ये ‘लावू नका’ असते. ‘विझवा’ हे क्रियापद क्वचितच भेटते.

स्वाध्याय

१. ‘आग लागली’ आणि ‘आग लावली’ या वाक्यांतील कर्त्याचा विचार स्पष्ट करा. अशा आणखी तीन जोड्या आपल्या बोलीतून द्या.

२. सुधारित मसुद्यात कलम ७९ चा आशय दोन आखूड वाक्यांत समाविष्ट करा. ‘बंधनकारक’ हा शब्द वापरू नये.

३. आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा कार्यालयाच्या फलकावरील एखादी सूचना उतरवून घ्या. ती घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला एकदाच वाचून दाखवा, त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि मग सूचनेचे पुनर्लेखन करा.