डावीकडून तिसरं, निळं

रत्नागिरीत साळवी स्टॉपला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरं काम म्हणजे ऑनलाइन फॉर्म, बिलं, दाखले आणि पासवर्ड विसरलेल्यांची समजूत काढणं. इतक्या वर्षांत किती साइट ‘नव्या रूपात’ आल्या ते मोजलं नाही. त्यातून जे पदरात पडलं ते लिहिते.

१. माणसं साइट वाचत नाहीत, जागा लक्षात ठेवतात.
पावसकडचे एक काका आहेत, आंब्याचे बागायतदार. बागेचं खातं ज्या बँकेत, तिची साइट ते माझ्याकडे बसून स्वतः चालवायला शिकले. दोन महिने लागले. दोनशेपानी वहीत बॉलपेननं लिहून ठेवलेलं : डावीकडून तिसरं, निळं. मग खाली. मग हिरवं. मध्ये चहा घेऊ नये, बाहेर टाकते.
एका सोमवारी आले तर साइट बदललेली. निळं गेलं, डावी बाजूच गेली. वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आणि मधोमध हसरं जोडपं, गृहकर्ज घ्या म्हणून. काकांनी वही स्क्रीनशेजारी धरली. चष्मा पुसला, पुन्हा धरली. मग मला म्हणाले, “काय गो, कुठं नेऊन ठेवलनी?”
होतं सगळं, त्या तीन रेघांच्या पोटात. पण रेघा दाबायच्या असतात हे त्यांना कोण सांगणार? त्यांना ती नक्षी वाटली. दोन महिन्यांची मेहनत एका रात्रीत रद्दीत गेली, आणि ती मेहनत बँकेच्या कुठल्याच हिशेबात नव्हती.

२. नवं घर उभं राहीपर्यंत जुनी चूल मोडू नये.
हे सरकारलाही लागू. प्राप्तिकराचं नवं पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झालं. त्याआधी १ ते ६ जून जुनं बंद. नव्यावर पहिल्या दिवसापासून तक्रारी, ऑगस्टमध्ये तर दोन दिवस ते उघडतच नव्हतं. सामान्य करदात्यांची मुदत सरकत सरकत ३१ डिसेंबरवर गेली. कोकणात घर दुरुस्तीला काढलं की बाई आधी पडवीत चूल मांडते, मग कौलं उतरवतात. एवढं साधं आहे.

३. देखणं म्हणजे जड.
ज्यांनी बनवलं त्यांच्याकडे फायबर असतं. आमच्याकडे जुलैत वीज गेली की थोड्या वेळानं रेंजही मान टाकते. जीमेलचं एक साधं रूप होतं, नुसती अक्षरं, मंद नेटवरही उघडणारं. गूगलनं २०२४ मध्ये ते बंद केलं. फोटो, सरकणाऱ्या पट्ट्या, आपोआप उघडणाऱ्या चौकटी हे सगळं कुणीतरी आपल्या रिचार्जमधून उतरवून घेत असतो.

४. सगळंच नवं वाईट, असं मात्र नाही.
मी सातबाऱ्याला नाकं मुरडली होती. २०२० मध्ये त्याचा नमुना सुधारला तेव्हा वाटलं, झालं, आता रोज शंभर प्रश्न. पण लागवडीचं आणि पोटखराब क्षेत्र मिळून एकूण किती ते त्यावर छापून यायला लागलं, खातेदाराच्या नावासमोर खाते क्रमांक आला. पूर्वी ही बेरीज मी कॅल्क्युलेटरवर करून द्यायची. शिवाय वर सात, खाली बारा हा सांगाडा होता तसाच. म्हाताऱ्या माणसाचं बोट सवयीनं जायचं तिथंच गेलं. बदल करावा तर असा, घरातली माणसं न हलवता.

५. ‘तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी’ असं वाचलं की मी त्या दिवशी दुकान अर्धा तास लवकर उघडते.

६. परत जायची वाट ठेवणारे असतात.
इंग्रजी विकिपीडियानं जानेवारी २०२३ मध्ये रूप बदललं. पुष्कळांना आवडलं नाही. पण खातं असलेल्याला पसंतीच्या पानावर जाऊन जुनं रूप निवडता येतं. इतकी मोठी साइट हे करू शकते, तर ‘जुनं पान’ असं एक बटण बाकीच्यांना इतकं का जड जातं, मला समजत नाही. समजतं खरं तर. दोन पानं सांभाळायला माणसं लागतात, आणि माणसांना पगार.

७. शिकवायची पद्धत मलाच बदलावी लागली.
आता मी जागा सांगत नाही, नाव सांगते. “काका, निळं शोधू नका, ‘शिल्लक’ शब्द शोधा.” ते मान डोलावतात आणि तरी जागा लिहून घेतातच. फक्त आता नाव बॉलपेननं लिहितात, जागा शिसपेन्सिलीनं. खोडरबर वहीतच असतो.