खांबाला हात लावण्याआधी

परभणी जिल्ह्यात सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेडकडच्या जुन्या गावठाणांत दगडामातीच्या जाड भिंतींची, माळवदाची बैठी घरं अजून उभी आहेत. आता त्यांना नवं रूप द्यायचं म्हणजे काय करायचं, हेही जणू ठरूनच गेलंय: आतले लाकडी खांब काढून मोठा हॉल, भिंतींना सिमेंटचा गिलावा, दर्शनी बाजूला टाइल्स, वरती पीओपी. नव्या रूपाची हौस मला पूर्ण मान्य आहे. अंधारं माजघर आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर माती टाकायची दगदग कुणालाच नको असते. पण घराचं ओझं कोण पेलतंय हे न बघता केलेली सजावट घराला कमकुवत करते, आणि हे नुकसान रंग वाळेपर्यंत दिसतही नाही.

आपल्याकडे घर खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत मोजतात, त्यातच त्याची रचना कळते. माळवदाचा भार तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून जमिनीत उतरतो. बाहेरची भिंत बऱ्याच अंशी आडोसा असते. खांब काढून स्लॅब टाकला की तो सगळा भार अशा भिंतीवर येतो, जिच्या दगडांना फक्त मातीने धरलेलं आहे. यावर मिस्त्री सांगतात, ‘स्लॅब मातीपेक्षा हलका असतो.’ हे खरं आहे. फूटभर मातीचं ओझं दर चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास भरतं, पाच इंची स्लॅबचं सव्वातीनशेच्या आत-बाहेर. पण प्रश्न नुसत्या वजनाचा नाही, ते कुणाच्या डोक्यावर ठेवलंय याचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथल्या जाड भिंती प्रत्यक्षात दोन पापुद्र्यांच्या होत्या, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. भिंती फुगून फाटल्या आणि वर्षानुवर्षं मातीचे थर चढलेली माळवदं खाली आली. जिथे लाकडी सांगाडा भक्कम होता, तिथे काही ठिकाणी भिंत पडूनही छत खांबांवर तगून राहिलं. 21 मार्च 2024 ला शेजारच्या हिंगोलीत 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तो परभणीतही जाणवला. तेव्हा हा विषय जुना झालेला नाही. म्हणून खांब राहू द्यावेत, घासून तेलपाणी करावं, आणि खांब-तुळईच्या कोनात सुताराकडून तिरपे टेकू बसवून घ्यावेत. पीओपी मात्र नकोच. तुळई कुजली की वाळवी लागली, हे त्याच्याआड कळत नाही.

भिंतीचंही तसंच. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जमिनीतली ओल दगडामातीच्या भिंतीत वर चढत राहते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं. मग लोणा धरतो, पोपडे सुटतात, आणि आतली सांध्याची माती मऊ होत जाते. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या मातीच्या भिंतींनीही सिमेंटपायी हेच भोगलं. मातीचा गिलावा पावसात वाहून जातो, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर चुना-वाळूचा गिलावा हे उत्तर आहे. त्याहून सोपं म्हणजे समोरच्या भिंतीचा दगड उघडा ठेवून दरजा चुन्याने भरून घेणं. कोणत्याही टाइल्सपेक्षा तो काळा दगड देखणा दिसतो.

आणखी एक आक्षेप मी हलका मानत नाही: माळवदाचं घर म्हणजे गरिबी, असं लोक समजतात आणि स्थळ बघायला आलेले पाहुणे आधी वर बघतात. घरकुल योजनेत पैसे मिळतात तेही नव्या पक्क्या घरासाठी, जुनं सावरायला नाही. पण मे महिन्यात पारा 42-44 वर जातो, तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर घर भाजत राहतो. मातीच्या छताखाली ती धग फार कमी येते. त्यामुळे माळवद पाडण्यापेक्षा हलकं करावं. साचलेले थर उतरवून वीतभरच माती ठेवावी, खाली जाड प्लॅस्टिक अंथरावं. ऐपत असेल तर वर हातभर मोकळी जागा सोडून पत्रे घालावेत, म्हणजे दरवर्षीची माती सुटते. पत्र्यांचा सांगाडा खांब-तुळयांना बोल्टने आवळलेला हवा. वर नुसते दगड ठेवले तर वळवाच्या वावटळीत ते पत्र्यासकट अंगणात येतात.

रूप पालटतं ते उजेडाने. साण्यावर, म्हणजे छतातल्या झरोक्यावर जाड काच बसवली, तर भिंतीला हात न लावता माजघर उजळतं. नवी खिडकी काढायचीच असेल तर कोपऱ्यापासून दूर, लहान, आणि वर नीट पाट टाकून. ओसरी ग्रिलने बंद करू नये, घराचा खरा चेहरा तीच आहे. नवं न्हाणीघर आणि संडास जुन्या भिंतीला चिकटवू नयेत. एक गळका पाइप पायाखालची काळी माती फुगवायला पुरतो. रस्ता दरवेळी काँक्रीट होऊन वर येतो आणि घर खाली जातं, म्हणून पैसा सगळ्यात आधी पाणी बाहेर काढणाऱ्या नालीवर लावावा. भिंतीलगत पेव्हर ब्लॉक न बसवता हातभर मुरुमाची पट्टी सोडावी. काम दिवाळीनंतर काढावं, म्हणजे होळीच्या आत चुना सावकाश वाळतो. कडक उन्हात त्याला तडे जातात. आणि मिस्त्रीशी ठरवताना दर विचारण्याआधी विचारावं, छताचा भार कुठून उतरतो ते बोट ठेवून दाखवता का?