जुन्या जीपची ‘फोर व्हील’ लागत नाही? गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी दोष असा शोधा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जमिनीचे अनेक प्रकार आहेत. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव या पाटपाण्याच्या भागात खोल काळी जमीन असून पावसाळ्यात शिवाररस्त्यावर चाक रुतते. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे मुरमाड चढ आहेत. अकोले तालुक्यात घाटघर, साम्रद, रतनवाडी या भागात आषाढ-श्रावणात पावसाची झड दिवसेंदिवस उघडत नाही. अशा ठिकाणी चारही चाकांना ताकद देणारी जुनी जीप आजही अनेक शेतकऱ्यांच्या दारात उभी आहे. दुधाचे कॅन, खताची पोती, कांद्याच्या गोण्या आणि वेळ आली तर आजारी माणूसही तिच्यातूनच डांबरी रस्त्यापर्यंत येतो. म्हणून ऐन पावसात तिची ‘फोर व्हील’ लागली नाही, तर ती केवळ गाडीची नादुरुस्ती राहत नाही.

या जीपचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपमध्ये आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली. पुढे इंजिने बदलली, डिझेल आले, तरी चार चाकांची रचना अनेक वर्षे जवळपास तीच राहिली. रचना साधी असल्याने तिचे बहुतेक दोष शेतकऱ्याला स्वतः ओळखता येतात. ते कोणत्या क्रमाने शोधावेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

एक अनुभव

शेवगाव तालुक्यातील आमच्या घरच्या जीपची दांडी फोर व्हीलमधून बाहेर निघेना. मेकॅनिकने ट्रान्सफर केस उतरवली. कांदा काढणीचे दिवस होते आणि गाडी चार दिवस खोललेली पडली. आत दोष सापडला नाही. सर्व जोडून गाडी बाहेर काढली, तर दांडी पुन्हा अडकली. शेवटी लक्षात आले, की महिनाभरापूर्वी पैसे वाचवण्यासाठी आम्ही फक्त पुढचे दोन टायर नवे टाकले होते आणि मागचे झिजलेलेच ठेवले होते. दोष टायरमध्ये होता आणि खोलली मात्र ट्रान्सफर केस. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो : आधी बाहेरून दिसणारे व फुकट तपासता येणारे पाहावे, खोलण्याचे काम सर्वांत शेवटी करावे.

ताकद चाकापर्यंत कशी पोहोचते?

इंजिनाची ताकद क्लच व गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तेथून एक प्रॉपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे व दुसरा पुढच्या डिफरन्शियलकडे जातो. गिअरच्या दांडीशेजारी सहसा दोन आखूड दांड्या असतात. एक पुढची चाके जोडते व सोडवते. दुसरी ‘हाय’, ‘न्यूट्रल’ आणि ‘लो’ यांतील निवड करते. लो मध्ये वेग सुमारे अडीचपट कमी होतो व ओढ त्या प्रमाणात वाढते.

या रचनेतील दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

१) फोर व्हील लावल्यावर पुढचा व मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा भुसभुशीत जमिनीत चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, त्यामुळे सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस व गिअरमध्ये साठतो. दांडी अडकण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

२) साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड कमी, ते चाक फिरत राहते. म्हणून फोर व्हील व्यवस्थित लागलेली असतानाही चिखलात पुढचे एक व मागचे एक अशी दोनच चाके फिरताना दिसू शकतात. हा दोष नव्हे. मागचे चाक फिरते आहे, पण पुढचे एकही हलत नाही, असे दिसले तरच पुढची जोडणी तपासावी.

प्रथम टायर मोजा

चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे व पुस्तिकेत दिलेल्या हवेचे असावेत. तपासणी अशी करावी : गाडी टू व्हीलमध्ये ठेवून सपाट जागेवर पुढच्या व मागच्या टायरवर आणि त्यांच्याखाली जमिनीवर खडूने खूण करावी. गाडी सरळ रेषेत हळू पुढे न्यावी. प्रत्येक चाकाचे पाच फेरे पूर्ण होतील तेथे जमिनीवर पुन्हा खूण करावी, अंतर टेपने मोजावे व पाचाने भागावे.

समजा, पुढच्या चाकाचा एक फेरा २२३ सेंमी व मागच्याचा २२० सेंमी भरला. फरक ३ सेंमीचाच आहे. टायरच्या जाडीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असला तरी तो एवढा येतो. परंतु एक किलोमीटरमध्ये हाच फरक १३ ते १४ मीटर होतो. फोर व्हील लावून सरळ रस्त्याने गेले तरी तेवढा पीळ गाडीत भरत राहतो. टायर जोडीने बदलणे भाग पडले, तर सर्व टायर सारखे होईपर्यंत फोर व्हील फक्त चिखलातच वापरावी.

जुन्या बाजारातून पुढचे किंवा मागचे हौसिंग बदलले असेल, तर क्राऊन-पिनियनचे प्रमाणही पाहावे. ४३ : ८ व ३९ : ८ अशी वेगवेगळी प्रमाणे या जातीच्या जीपमध्ये आढळतात. पुढे एक व मागे दुसरे असेल, तर फोर व्हील कधीच सुरळीत चालणार नाही.

दांडी व बाहेरचे सांधे

महिनोन्महिने न वापरलेल्या दांडीच्या पिना गंजतात व त्यावर चिखल सुकून बसतो. सांधे साफ करावेत, तेल द्यावे आणि दांडी पूर्ण प्रवास करते का ते गाडीखालून पाहावे. नंतर बसवलेला पत्रा किंवा जाड रबरी मॅट दांडीला अडते का, तेही बघावे. दांडी पूर्ण न बसल्यास ओढ येताच ती सुटते. इंजिन व गिअरबॉक्सचे रबर दबले असतील, तरीही असेच घडते.

लो लागत नसेल, तर आधी पहिली दांडी पूर्ण आत आहे का ते पाहावे. या जीपच्या नेहमीच्या रचनेत पुढची चाके जोडल्याशिवाय लो लागत नाही. लो ची सर्व ओढ एकट्या मागच्या एक्सलवर येऊ नये, म्हणून ही योजना केलेली असते. येथे दांडीवर जोर करू नये.

हबकडे लक्ष द्या

काही जीपच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवण्याचे ‘फ्री-लॉक’ हब बसवलेले असतात. दोन्ही हब लॉक केल्याशिवाय पुढच्या चाकांना ताकद मिळत नाही. एक लॉक व एक फ्री राहिला, तर डिफरन्शियल सगळा फेरा मोकळ्या बाजूला देते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून चिखलात शिरण्यापूर्वीच खाली उतरून दोन्ही हब पाहावेत. २००० नंतरच्या काही गाड्यांत दांडीऐवजी बटण असते. त्यांत प्रथम फ्यूज, वायरचा जोड व हबकडे जाणारी हवेची नळी तपासावी.

जॅक लावून करावयाची चाचणी

दोष नेमका कोठे आहे, हे या चाचणीने कळते.

१) सपाट, कडक जमिनीवर फोर व्हील हाय लावून गाडी दोन-तीन मीटर हळू सरळ न्यावी, म्हणजे दाते एकमेकांत बसतात. इंजिन बंद करून किल्ली काढावी. पहिला गिअर टाकावा, हातब्रेक लावावा व मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत.

२) पुढचे एक चाक जॅकने उचलावे व खाली मजबूत लोखंडी घोडी ठेवावी. हब असल्यास दोन्ही लॉक करावेत.

३) उचललेले चाक हाताने फिरवावे. थोडीशी ढिलाई सोडता ते फिरले नाही, तर फोर व्हील लागलेली आहे.

४) चाक फिरले आणि त्याबरोबर पुढचा प्रॉपेलर शाफ्टही फिरला, तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या दांडीत आहे.

५) चाक फिरले, पण शाफ्ट स्थिर राहिला, तर दोष डिफरन्शियल, एक्सल किंवा हबमध्ये आहे. अशा वेळी दोन्ही पुढची चाके घोडीवर घेऊन दोन्ही हबच्या टोप्या काढाव्यात व चाके एकेक करून फिरवावीत. चाक फिरते पण मधले एक्सलचे टोक फिरत नाही, त्या बाजूच्या हबच्या किंवा फ्लँजच्या खाचा झिजल्या आहेत. टोक फिरते, पण समोरचे चाक उलट दिशेने फिरत नाही, तर आतील सांधा, एक्सल किंवा डिफरन्शियल तुटलेले असण्याचा संभव आहे.

धोक्याची सूचना : अनेक जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील ड्रमवर असतो. मागचे एक चाक उचलले, की तो ब्रेक लावलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण डिफरन्शियल उचललेल्या चाकाला मोकळे फिरू देते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, तर गिअर टाकूनही गाडी थांबत नाही. म्हणून दगड लावल्याशिवाय व घोडी ठेवल्याशिवाय केवळ जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

लक्षणावरून दोष

● दांडी बाहेर निघत नाही : पीळ साठला आहे. सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्यावी किंवा एका बाजूची चाके मुरमावर न्यावीत. दांडीवर हातोडी मारू नये.

● दांडी आपोआप सुटते : बाहेरचा अडथळा नसल्यास आतील बॉल-स्प्रिंग, फोर्क किंवा दाते झिजले आहेत.

● गाडी उचलताना ‘खट्ट’ आवाज : प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला आहे. शाफ्ट हाताने हलवून पाहावा.

● पूर्ण वळणावर पुढून ‘टक-टक’ : पुढच्या एक्सलचा सांधा झिजला आहे.

● शाफ्ट बसवल्यानंतर थरथर सुरू झाली : शाफ्टच्या दोन भागांवरील बाणाच्या खुणा समोरासमोर आलेल्या नाहीत.

● गिअरबॉक्सचे तेल वाढते व ट्रान्सफर केसचे कमी होते, किंवा उलट : दोहोंमधील सील गेले आहे.

● तेल ताकासारखे पांढरट : आत पाणी शिरले आहे. तेल लगेच बदलावे.

पाणी आत का शिरते?

चालून तापलेले हौसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले, की आतील हवा आकसते व बाहेरून हवा ओढू लागते. हौसिंगवरील श्वासनळी चिखलाने बुजलेली असेल, तर सीलमधून पाणी ओढले जाते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी व नंतर श्वासनळी साफ करावी. खोल पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, गाडी हलवण्यापूर्वी, खालचा बोल्ट किंचित सैल करून पाहावा. पाणी जड असल्याने ते प्रथम बाहेर येते. तेलाचा नंबर पुस्तिकेप्रमाणेच घ्यावा. डिफरन्शियलचे तेल गिअरबॉक्सलाही चालेल, असे गृहीत धरू नये.

घ्यावयाची काळजी

१) महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर व्हील लावून गाडी चालवावी.

२) डांबरी किंवा सिमेंटच्या कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावू नये.

३) हाय लावताना वेग कमी व चाके सरळ ठेवावीत. लो लावताना गाडी पूर्ण थांबवावी.

४) गाडी रुतण्यापूर्वीच फोर व्हील लावावी. रुतल्यावर चाके जोरात फिरवल्यास एक्सल तुटण्याची भीती असते.

५) क्रॉसच्या ग्रीस निपलांना नियमित ग्रीस द्यावे व चिखलात काम झाल्यावर लगेच द्यावे.

६) जुनी जीप विकत घेताना वरील जॅकची चाचणी व्यवहारापूर्वी करावी. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवलेला असेल, तर तो का काढला, हे विचारावे.

थोडक्यात, प्रथम टायर, नंतर दांडी, हब, क्रॉस व तेल आणि शेवटी जॅकची चाचणी, या क्रमाने तपासावे. एवढे करूनही ट्रान्सफर केस खोलावी लागली, तर दोष कोठे आहे हे मेकॅनिकला सांगता येते व नको तो भाग खोलला जात नाही. हे काम मृग नक्षत्राच्या आधी, गाडी कोरड्या अंगणात उभी असताना करून घ्यावे.