डोंगराचं नाव कुणाला विचारावं

मी भूकरमापक होतो. एकतीस वर्षं साखळी, फलक आणि टिपणं घेऊन कन्नड तालुक्यातली शिवारं तुडवली. गाव देवगाव रंगारी. आमच्या अंगणात उभं राहिलं की उत्तरेला, आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी, एक निळसर रेघ दिसते. तो आमचा डोंगर. जमिनी मोजायला मी त्याच्या पायथ्याशी, माथ्यावर, खोऱ्यांत किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. मोजणीचं शिक्षण खात्यानं दिलं. त्या डोंगरानं जे शिकवलं ते कुठल्या दप्तरात नाही, म्हणून इथे लिहितो.

१. डोंगराला एकच नाव असतं ही समजूत आधी सोडावी लागते.

शाळेच्या पुस्तकात 'सातमाळा-अजिंठा' असं जोडनाव होतं. पुढे जुनं गॅझेटियर हाताळलं तर त्यात याच रांगेची नावं निघाली: चांदोर, सातमाळा, इंध्याद्री, सह्याद्रीपर्वत, अजिंठा. नाशिक जिल्ह्यात चांदवडच्या बाजूला ती चांदोरची किंवा सातमाळ्याची रांग असते. तीच पूर्वेला सरकत आमच्यापर्यंत आली की अजिंठ्याची होते. मधे कुठे पाटी नाही, खांब नाही. एका नावाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे लागते हे मोजणीवाल्यालाही सांगता येणार नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मेंढपाळाला मी विचारलं, "बाबा, हा सातमाळाच ना?" त्यानं माझ्याकडे बघितलं, काठी उचलली आणि एकेक टोक दाखवायला लागला. एका टेकडीला म्हसोबाचं नाव, एका कड्याला घारींचं, एका खिंडीला तिथे कधीतरी दगावलेल्या बैलाचं. सातआठ नावं सांगून झाली, त्यात सातमाळा नव्हता. मी पुन्हा विचारलं, "मग या सगळ्याला मिळून काय म्हणता?" तो म्हणाला, "डोंगर."

सातमाळ्यातले सात कोणते, हे मला आजवर कुणी मोजून दाखवलेलं नाही. पण खानदेशाचा नकाशा समोर धरला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्या प्रदेशाच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा. दोन्हीकडे सातच. पुष्कळ, एकामागे एक, मोजत बसू नये इतके, असं सांगायला आपल्या भाषेनं सात हा आकडा पूर्वीपासून वापरलेला आहे. मला हे उत्तर पुरतं.

२. नाव ऐकण्याआधी सांगणारा कुठे उभा आहे ते बघावं.

देवगावाकडून कन्नडला जाताना जमीन हळूहळू चढत जाते. कपाशी, मका, अद्रकीचे वाफे बघत आपण कधी वर आलो ते कळत नाही. कन्नड ओलांडलं की घाटाच्या तोंडाशी एकदम पायाखालची जमीन संपते आणि खाली चाळीसगावचा सगळा मुलूख पसरलेला दिसतो. दक्षिणेकडून जो नुसता चढ आहे, तो उत्तरेकडून उभी भिंत आहे. रांगेची घडणच तशी आहे: खानदेशाकडे तुटलेले कडे, गोदावरीकडे सावकाश उतरत गेलेलं पठार.

माझी एक मावशी चाळीसगावच्या बाजूला दिलेली होती. ती आम्हाला 'वरची माणसं' म्हणायची, आणि तिची सासू तर थेट 'मोगलाईतली'. त्यालाही कारण होतं. १९४७ पर्यंत या कड्याखाली इंग्रजांचा खानदेश होता आणि वर, १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान खालसा होईपर्यंत, निजामाचं राज्य. खालच्या मुलखाची दप्तरं इंग्रजीत आणि मराठीत, वरची उर्दूत. एकाच सोंडेचं नाव दोन लिप्यांतून फिरून आलं की त्याचा उच्चार बदलतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपलंच खरं म्हणतात. मी भांडण सोडवायला कधी गेलो नाही. दोन्ही नावं टिपून घेतली.

३. डोंगर ओळखायचा तर पाण्याला विचारावं.

हा धडा मला सगळ्यात उशिरा आला आणि सगळ्यात उपयोगी पडला.

या रांगेच्या माथ्यावर उभं राहा. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब तितूरसारख्या नदीतून गिरणेत, गिरणेतून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातो. दोन पावलं दक्षिणेला पडलेला थेंब आमच्या शिवनेला मिळतो, शिवना गोदावरीला, आणि गोदावरी त्याला पार बंगालच्या उपसागरापर्यंत घेऊन जाते. खांद्याएवढ्या रुंदीच्या जागेत दोन समुद्रांची वाटणी होते. फलक लावून धार शोधण्यापेक्षा पावसानंतर ओघळ कुठे वळतात ते बघावं, हे मला एका साखळी धरणाऱ्या मजुरानं शिकवलं. तो शाळेत गेलेला नव्हता.

मात्र थेंबांची ही वाटणी भरपूर पाण्याची नव्हे. जिल्ह्याची पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरी हा शब्द आमच्याकडे फार फसवा आहे. नैऋत्येचा वारा सह्याद्रीच्या मुख्य धारेवर आपलं ओझं उतरवून येतो. आमची रांग पूर्व-पश्चिम आडवी पडलेली, त्यामुळे आलेल्या ढगांना ती छातीवर घेत नाही, ते तिच्या कडेकडेनं निघून जातात. म्हणून डोंगर असूनही आम्ही पर्जन्यछायेत. वर झाडोरा आहे तो सालई, धावडा, खैर, पळस, हिवर, सीताफळ असा, माघ-फाल्गुनात पानं टाकून उभा राहणारा. १९७२ चा दुष्काळ मी लहानपणी पाहिला. आईच्या हातांत खडी फोडण्याची हातोडी आणि आमच्या हातांत सुकडी, एवढं पक्कं आठवतं.

आणि म्हणूनच या कोरड्या डोंगरात पाण्याला जितके शब्द आहेत तितके मी दुसरीकडे ऐकले नाहीत. झिरा, पाझर, कुंड, टाकं, डोह, ओहळ, लवण. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि प्रत्येकाचा महिना वेगळा. कोणतं पाणी दिवाळीपर्यंत, कोणतं होळीपर्यंत, कोणतं आखाजीपर्यंत, हे त्या शब्दातच कळतं.

एका वैशाखात मोजणी चालू असताना आमच्याजवळचं पाणी संपलं. नाल्याच्या कोरड्या वाळूत एक बाई बसली होती. तिनं कोपरभर खोल खड्डा केला होता. तळाशी पाणी येत होतं, पण कसं, तर घामासारखं. ती थांबायची. वाटीभर साचलं की पितळेच्या फुलपात्रानं अलगद, वाळू न ढवळता उचलायची आणि घागरीच्या तोंडावर धरलेल्या पदरातून गाळायची. घागर अर्धी व्हायला तास गेला असेल. तरी तिनं आधी आम्हा चौघांना पाजलं. मी विचारलं, या झिऱ्याला काही नाव आहे का? तिनं एका बाईचं नाव घेतलं. "माझी सासू. तिनं पहिल्यांदा उकरला. तिच्या नावाचा झिरा."

माझ्या टिपणात त्या नाल्याला नुसती तुटक रेघ होती.

४. दगड बघायला शिकावं, त्याशिवाय नावं कळत नाहीत.

हा सगळा लाव्हाचा डोंगर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेले. कडा नीट बघितला तर जिना दिसतो: घट्ट काळ्या पाषाणाची उभी पायरी, मग ठिसूळ थराचा उतार, पुन्हा पायरी. घट्ट थरात पाणी शिरत नाही, सच्छिद्र थरातून ते चालत येतं आणि दोहोंच्या सांध्यावर बाहेर पडतं. झिरे आणि कुंडं बहुतेक तिथेच सापडतात. नाव जुनं असेल तर त्यात दगड असतोच. मलिक अंबरानं १६१० मध्ये ज्या जागी आपलं शहर वसवलं, त्या गावाचं नाव खडकी होतं. खडकाची ती खडकी. पुढे त्या शहराची नावं बदलत गेली. खडक तिथेच आहे.

५. आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं.

पितळखोऱ्याच्या लेण्यांत मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा वाटलं होतं, इतक्या आडजागी कोण येणार? पण तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणारे पैठणचे आहेत, त्यात एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून खानदेशात उतरणारी वाट याच कड्यावरून जात होती, नाहीतर पैठणचा अत्तरवाला इथे पैसे कशाला खर्च करील?

कड्याखाली पाटण. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. साल १२०७ च्या सुमाराचं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. खुद्द भास्कराचार्यांनी आपल्या गावाचा पत्ता सांगताना ते सह्यकुलाचलाच्या आश्रयाला असल्याचं लिहिलं आहे. ते गाव नेमकं कोणतं यावर विद्वानांत वाद आहे, तो त्यांनी घालावा. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की ग्रहांचं गणित मांडणाऱ्या माणसालाही आपला पत्ता डोंगराच्या नावानंच सांगावासा वाटला.

आणि अंतूर. किल्ल्याकडे जाताना वाटेत निजामशाहीतला एक चौकोनी दगडी खांब उभा आहे. कोणती वाट कोणत्या गावाला जाते ते त्यावर फारसीत कोरलेलं. मी त्या खांबाला हात लावून बराच वेळ उभा होतो. माझंच काम करणारा कुणीतरी माणूस चारशे वर्षांपूर्वी त्या माळावर, त्याच उन्हात उभा राहिला होता.

६. परकं नावही रुजतं.

कन्नडच्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी, १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली तो. एका म्हाताऱ्या गुराख्याच्या मते मात्र ते रामाचंच नाव होतं, 'अवतराम'. शेजारच्या गौताळ्याला लोक गौतम ऋषींचा तलाव म्हणून ओळखतात. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा दोन्ही नावं जोडून गौताळा औट्रमघाट असं ठेवलं. ऋषी आणि साहेब एका पाटीवर. मला त्यात खटकत नाही काही. घाटातून रोज उतरणाऱ्या माणसानं ते नाव तोंडात घोळवून आपलं केलं आहे.

७. नाव लिहिताना चुकाल तर ती चूक तुमच्यापेक्षा जास्त जगते.

एका शिवाराचं नाव मी ऐकण्यात चूक करून टिपणावर लिहिलं. एका अक्षराचा फरक. त्याची नक्कल झाली, नकलेवरून दुसरी. बारा वर्षांनी दोन भावांच्या वाटणीत तेच अक्षर आडवं आलं, आणि धाकट्याला हे शिवार आणि ते शिवार एकच आहे हे सिद्ध करायला वर्षभर हेलपाटे घालावे लागले. मी जाऊन साक्ष दिली. त्याचं वर्ष परत देता आलं नाही. त्या दिवसापासून मी नियम केला: नाव तिघांना विचारायचं. एक म्हातारं माणूस, एक बाई, एक जनावरं चारणारा. तिघांचं जुळलं तरच शाई.

आमच्या गावाच्या नावातलं 'रंगारी' हेच बघा. देवगावं किती आहेत! कापड रंगवणाऱ्यांच्या वस्तीवरून हे नाव पडलं असं जुनी माणसं सांगत आली. तो एक शब्द गळला तर आमचं पत्र दुसऱ्याच कुणाच्या दारात जाईल.

८. विचारत राहावं.

गेल्या चैत्रात नातीला घेऊन मी झिऱ्याच्या त्या नाल्यावर गेलो. ती भूगोल शिकते. तिच्या फोनवरच्या नकाशात अजिंठ्याची लेणी होती, घाट होता, अभयारण्य होतं. आम्ही उभे होतो तिथे हिरवट रंगाखेरीज काही नव्हतं. आता नाल्यावर सिमेंटचा बांध आहे, वाळू निम्मी गेली आहे. ती बाई आता नाही हे मला ठाऊक होतं.

बांधावर एक दहाबारा वर्षांचा मुलगा शेरडं घेऊन बसला होता. नातीनं त्याला विचारलं, "या जागेला काय म्हणतात रे?"

त्यानं क्षणाचाही वेळ न घेता नाव सांगितलं. तेच. शेवटचं अक्षर थोडं झिजलेलं, पण तेच. नातीनं विचारलं, "कोण होती ती?"

"कोण म्हंजे?" तो म्हणाला. "झिरा हाये तो."

नातीनं वही काढली, नाव लिहिलं आणि मग माझ्याकडे न बघता पलीकडे ओझं घेऊन चाललेल्या एका बाईकडे विचारायला धावली.