दोन हवीत, पण एकच जमेल?

प्रश्न : मी ३० वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आम्हा दोघांनाही दोन मुलं हवीत. पण घराचा हप्ता, पाळणाघर, शाळेची फी धरली की एकावरच थांबावं असं वाटतं. आमचंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही. ‘आदर्श संख्या किती’ असं विचारलं की बहुतेक तरुण दोन म्हणतात. पुढच्या तीन वर्षांचा बेत विचारला की हिशेब सुरू होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे मुलांची सरासरी, १.७ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५च्या अहवालासाठी भारतासह १४ देशांतल्या लोकांना विचारलं, तेव्हा ३९ टक्क्यांनी पैशाची अडचण सांगितली. यात स्वार्थीपणा शोधणाऱ्या नातेवाइकांनी आधी भाडं विचारावं!

माझ्या मते मात्र पैशाइतकाच प्रश्न ‘सांभाळणार कोण’ हा आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर, हे कायद्यात २०१७पासून आहे. तुमच्या कार्यालयात ते आहे का, हे आधी विचारा. पतीच्या रजेचंही विचारा. खासगी नोकरीत ती बहुधा मालकाच्या मर्जीवर असते.

दुसऱ्याचा विचार खरोखर असेल, तर वय मोजा. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता वेगाने घटते आणि बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत दोन वर्षं थांबावं, असा सल्ला आहे. त्यामुळे पहिल्याचा निर्णय फार लांबवू नका. दुसऱ्याचा आजच घ्यायला हवा असं नाही.