हप्ता थकला की राग कोणावर?



पंचसूत्री तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. पण गट मोडतो तेव्हा कारण दर वेळी वहीत सापडत नाही. पुष्कळदा ते बैठकीत कोण कोणाला काय बोललं, त्यात असतं. आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखून वागणं, याला पुस्तकात 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली. नाव जड आहे, काम आपल्या रोजचं.

समजा, एका ताईचा हप्ता दुसऱ्यांदा थकला. सचिव ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमचं नेहमीचंच आहे. साडीला पैसे असतात, हप्त्याला नसतात!" ती ताई मान खाली घालून बसली आणि पुढच्या बैठकीला आलीच नाही. आता हप्ताही नाही न् सभासदही नाही.

सचिव ताईंना राग आला, हे दिसलं. पण त्या रागाखाली भीती होती. बँकेच्या कागदावर माझी सही आहे, परतफेड थांबली तर पुढचं कर्ज अडेल, साहेब मलाच विचारतील. आणि त्या ताईच्या गप्प बसण्याखाली लाज होती. आपल्याला मात्र ते गप्प बसणं उद्धटपणा वाटतं!

म्हणून 'राग आला' एवढ्यावर थांबू नका. कान तापले, आवाज चढायला लागला की आधी घोटभर पाणी प्या. मग स्वतःला विचारा, मला नक्की काय होतंय? भीती, अपमान, की सकाळपासून निंदणी करून अंग मोडलंय म्हणून चिडचिड? ते सापडलं की तेच बोला. "ताई, मला काळजी लागलीय. बँकेचा हप्ता जवळ आला. या महिन्यात काय अडलं?" हे बैठकीच्या आदल्या दिवशी, तिच्या घरी जाऊन विचारलं तर फारच बरं. दवाखाना निघाला असेल, मजुरी बुडाली असेल, नवऱ्याने पैसे नेले असतील. चारचौघींत ती हे सांगणार नाही.

गोड बोलायचं म्हणजे हप्ता माफ करायचा, असं नाही हं. मुदत द्यायची तर गटाने ठरवायची, ठरावात लिहायची. दंडाचा नियमही सगळ्यांना सारखा, अध्यक्षांच्या जावेलासुद्धा.

घरीही हे करून बघा. बैठकीला उशीर झाला न् सासूबाई म्हणाल्या, "आली गाव फिरून!" तर उलट उत्तर द्यायच्या आधी विचारा, "आई, वाट बघत होता का?" दर वेळी जमेलच असं नाही. आणि एक स्पष्ट सांगते. मारहाण होत असेल तर समजून घेत बसायचं नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिला मदत क्रमांक आहे. गटातल्या विश्वासाच्या ताईला सांगा, ती सोबत येईल.

पुढच्या बैठकीत लेखे वाचण्याआधी प्रत्येकीने एका शब्दात सांगायचं, आज मन कसं आहे. 'बरं आहे' हे उत्तर चालणार नाही.